अतिसूक्ष्म पातळीवर मृदू ऊतींची ताठरता : मापन व अर्थनिर्णय

प्रस्तावना :
धातूच्या तारेचा यंग गुणांक काढण्याचा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळेत नेहमीचाच आहे. तार लांब असो वा आखूड, गुणांक तोच येतो. सजीवांच्या मृदू ऊतींबाबत मात्र ही खात्री राहत नाही. तेथे मोजणाऱ्या टोकाच्या आकारानुसार उत्तर बदलू शकते. हा मुद्दा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मापनाची पद्धत :
१९८६ मध्ये बिनिग, क्वेट व गर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला. त्यातील लवचीक सूक्ष्मपट्टीच्या टोकाशी अणकुचीदार सुई असते. सुई ऊतीवर दाबली की पट्टी वाकते. हे वाकणे सामान्यतः परावर्तित लेसर किरणाने मोजतात. पट्टीचा बलस्थिरांक ठाऊक असल्यास हूकच्या नियमाने बल मिळते. सुईऐवजी गोल मणी वापरल्यास, हर्ट्झ यांच्या १८८२ च्या सिद्धांतानुसार, बल हे रुतण्याच्या खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते व त्यावरून यंग गुणांक काढता येतो. मात्र हा सिद्धांत पदार्थ एकजिनसी व पूर्णतः प्रत्यास्थ असल्याचे गृहीत धरतो. ऊती तशा नसतात. त्यांत पाणी असते व दाबण्याच्या वेगानुसार त्यांचा प्रतिसाद बदलतो.

कूर्चेचे उदाहरण :
सांध्यातील कूर्चा म्हणजे कोलॅजेन तंतूंचे जाळे व त्यात अडकलेले प्रोटिओग्लायकनचे जलयुक्त जेल. स्टोल्झ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डुकराच्या कूर्चेवर मापने केली. मायक्रोमीटर आकाराच्या गोलाने मिळालेली ताठरता नॅनोमीटर टोकाने मिळालेल्या ताठरतेच्या सुमारे शंभरपट होती. यांपैकी कोणताही आकडा चुकीचा नव्हता. गोलाला समग्र रचनेचा प्रतिकार जाणवतो, तर सुईला सुटे तंतू व लगतचे जेल.

या भेदाला वैद्यकीय महत्त्व आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने तिची झीज सहसा भरून येत नाही आणि क्ष-किरण चित्रात झीज दिसेपर्यंत बरीच हानी झालेली असते. याच गटाने २००९ मध्ये उंदीर व रुग्ण यांच्या नमुन्यांवर दाखवले की, वार्धक्य व संधिझिजेचे प्रारंभिक बदल नॅनोमीटर पातळीवर आढळतात. मायक्रोमीटर पातळीवर ते निसटतात.

निष्कर्ष :
‘या ऊतीची ताठरता इतके किलोपास्कल’ हे विधान एकटे अपुरे आहे. टोकाचा आकार, दाबाची खोली, वेग व नमुन्याची अवस्था यांचा उल्लेख त्यासोबत हवा. त्याविना दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करणे अशास्त्रीय ठरेल.