मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मगुरूंची श्रेणीव्यवस्था : गोव्यातील देशी धर्मगुरूंच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
रोमन कॅथलिक धर्मसंस्थेतील पदे पोप, आर्चबिशप, बिशप, धर्मगुरू आणि डीकन अशी एकाखाली एक सांगण्याचा प्रघात आहे. तथापि मध्ययुगात विकसित झालेली ही व्यवस्था दीक्षा आणि अधिकार या दोन भिन्न तत्त्वांवर उभी होती. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय सतराव्या शतकातील गोव्यात देशी धर्मगुरूंची वाटचाल कोठे अडली, हे उलगडत नाही. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

दीक्षेची श्रेणी :
धर्मगुरुपदापर्यंत सात पायऱ्या मानल्या जात. द्वारपाल, वाचक, भूतनिवारक व वेदीसेवक या चार कनिष्ठ, तर उपडीकन, डीकन व धर्मगुरू या तीन वरिष्ठ होत. धर्मगुरूस मिस्सा अर्पण करता येई. परंतु इतरांना गुरुदीक्षा देण्याचे सामर्थ्य केवळ बिशपाकडे असे. एकदा मिळालेली दीक्षा पुसली जात नसे.

अधिकाराची श्रेणी :
दीक्षा मिळाली म्हणजे अधिकार मिळालाच, असे नव्हे. धर्मग्रामाचा कारभार प्रमुख धर्मगुरूकडे, अनेक धर्मग्रामांच्या धर्मप्रांताचा बिशपाकडे आणि अनेक धर्मप्रांतांवरील देखरेख आर्चबिशपाकडे असे. पापनिवेदन ऐकण्यासाठीही धर्मगुरूला बिशपाची अनुमती आवश्यक असे. गोवा हा १५३४ मध्ये धर्मप्रांत झाला आणि १५६० मध्ये पहिले आर्चबिशप गास्पार द लियांव तेथे दाखल झाले. पाद्रोआदो या व्यवस्थेनुसार बिशपाचे नाव सुचविण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. त्यामुळे अधिकाराच्या वरच्या पायऱ्या राजसत्तेच्या हाती होत्या.

यात व्रतस्थ संघांची भर पडली. साष्टीतील धर्मग्राम जेझुइटांकडे, तर बार्देशातील फ्रान्सिस्कनांकडे होते. हे संघ आपापल्या वरिष्ठांच्या आज्ञेत असत. राशोल येथे १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून घेणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइटच होते. या संघांची दारे देशी उमेदवारांना जवळजवळ बंद होती. परिणामी दीक्षित देशी धर्मगुरूच्या वाट्याला बहुधा साहाय्यकाचे काम येई.

मातेउश द कास्त्रो यांचे उदाहरण :
दिवाडी बेटावरील ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कास्त्रो यांचा दीक्षेचा मार्ग गोव्यात खुंटला, म्हणून ते रोमला गेले. तेथे त्यांना दीक्षा मिळाली. गोव्यात परतल्यावर मात्र त्यांना धर्मगुरूचे काम मोकळेपणाने करू दिले गेले नाही. दीक्षा होती, अधिकार नव्हता.

रोममध्ये १६२२ साली स्थापन झालेल्या प्रोपागांदा फिदे या संस्थेने यातून वेगळा मार्ग काढला. १६३७ मध्ये कास्त्रो यांचा क्रिसोपोलिस या नाममात्र धर्मप्रांताचे बिशप म्हणून अभिषेक झाला आणि आदिलशाही मुलखाचे व्हिकार अपोस्टोलिक म्हणून त्यांची नेमणूक झाली. या पदावरील व्यक्तीला बिशपाची पूर्ण दीक्षा असे. मात्र नेमून दिलेल्या प्रदेशाचा कारभार ती पोपच्या वतीने पाही. यात राजाच्या शिफारशीची गरज नव्हती. त्यामुळेच गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्यांना मान्यता नाकारली. पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या डिचोलीत त्यांनी वास्तव्य केले. त्यांनी दिलेल्या दीक्षांवरही गोव्यात आक्षेप घेण्यात आला. १६७७ मध्ये रोम येथे त्यांचे निधन झाले.

समारोप :
सारांश, देशी माणसाला दीक्षा द्यावी की नाही हा वाद कालांतराने मागे पडला. त्याला अधिकार द्यावा की नाही, हा प्रश्न मात्र टिकून राहिला. मुंबईला व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या रूपाने पहिले भारतीय आर्चबिशप १९५० मध्ये लाभले. खुद्द गोव्याच्या आर्चबिशपपदी राऊल गोन्साल्विस या गोमंतकीयाची नेमणूक झाली ती १९७८ मध्ये, म्हणजे कास्त्रो यांच्या अभिषेकानंतर ३४१ वर्षांनी. कोणत्याही संस्थेच्या श्रेणीव्यवस्थेचा अभ्यास करताना पात्रता कोण देते याबरोबरच नेमणूक कोण करते, हेही तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.