मधल्या काळात कुठे खेळायचं?

गोंदियाच्या माणसाला फुटबॉलचं वेड लागलं की त्याच्या आयुष्यात रेल्वेच्या दोनच गाड्या उरतात. मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस. दोन्ही आमच्याच स्टेशनातून सुटतात, त्यामुळे जागेची मारामारी नाही. गेली पंचवीसएक वर्षं मी या गाड्यांनी मैदानं बघत हिंडतो आहे. लोक देवदर्शनाला जातात, मी गॅलऱ्या बघायला जातो. आमची आई दर वेळी विचारायची, "कायले जातेस गा इतक्या दूर? टीव्हीवर नाई का दिसत?" टीव्हीवर सामना दिसतो आई, मैदान दिसत नाही, हे उत्तर तिला कधीच पटलं नाही.

खोड वडिलांकडून आली. ते रेल्वेत गार्ड होते. तेव्हा गोंदिया दक्षिण पूर्व रेल्वेत होतं, पण जुने लोक बीएनआरच म्हणायचे, बंगाल नागपूर रेल्वे. बीएनआरचा फुटबॉल संघ कलकत्त्यात मोठमोठ्यांना जड जायचा. १९६४ साली त्यांनी मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा बाबा नुकतेच नोकरीला लागले होते. खेळाडूंपैकी एकालाही त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, तरी 'आपण जिंकलो' असंच सांगायचे. पगार एका रेल्वेचा, म्हणजे संघही आपला. ते मैदान बघायला मात्र त्यांना कधी जमलं नाही. ते होतं कूपरेज, आणि या लेखाची अर्धी जागा तेच खाणार हे आधीच कबूल करतो.

कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. पिंपं बनवणाऱ्यांचा भाग म्हणून कूपरेज. दक्षिण मुंबईत, ओव्हल मैदानापासून चालत पाच मिनिटांवर, चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेला हा तुकडा. रोव्हर्स चषक सुरू झाला १८९१ साली, गोऱ्या पलटणींचा खेळ म्हणून. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. नंतर आपल्या लोकांनी हा चषक असा ताब्यात घेतला की १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं तो हैदराबाद सिटी पोलीस संघाकडेच राहिला. दोन हजार सालानंतर स्पर्धाच बंद पडली. तरी कूपरेजचं महत्त्व चषकामुळे नव्हतं. माणूस चर्चगेटला उतरून, बटाटेवडा खाऊन चालत सामन्याला पोचायचा आणि सामना संपला की लोकलने घरी. ना गाडी लागायची, ना आठवडाभर आधी ठरवावं लागायचं. कचेरीतून सुटलेला कारकून वाट वाकडी करून शिरायचा. मैदान आणि माणसाची रोजची वाट एकमेकांना छेदत होती, एवढंच त्या गर्दीचं रहस्य.

मग नूतनीकरण आलं. ते व्हायला हवंच होतं, कारण पावसाळ्यात त्या मैदानाची भाताची खाचरं व्हायची, आणि भाताची खाचरं कशी असतात हे गोंदियाच्या माणसाला कुणी सांगायला नको. जुनी गॅलरी गेली, कृत्रिम हिरवळ आली, प्रकाशझोत आले. पण हे होईपर्यंत, म्हणजे २०१० नंतरची काही वर्षं, मुंबई एफसी या मुंबईच्या आय-लीगमधल्या संघाला 'घरचे' सामने खेळायला पुण्याला, बालेवाडीला जावं लागलं. घर मुंबईत आणि घरचं मैदान दीडशे किलोमीटरवर! 'यलो ब्रिगेड' नावाचा त्यांच्या समर्थकांचा छोटासा कट्टर जथा होता. पण कट्टर लोक म्हणजे क्लब नव्हे. क्लब जगतो तो अर्धवट आवड असलेल्यांवर, 'चल, जवळच आहे' म्हणून येणाऱ्यांवर. द्रुतगती मार्गाचा टोल भरून हा माणूस येत नाही. दोन हंगाम आला नाही की त्याची सवय मोडते. रविवारी दुपारी करायला त्याला दुसरं काहीतरी सापडलेलं असतं, आणि तेही वाईट नसतं.

मुंबई एफसी नव्या कूपरेजवर परतली. मी गेलो तेव्हा खुर्च्या चकचकीत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच रिकाम्या. २०१६-१७ च्या हंगामात संघ तळाला राहिला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि पुढे बंदच झाला. त्याच हंगामात आय-लीग जिंकली ऐझॉलने, आणि त्यांचे प्रशिक्षक होते मुंबई एफसीने आदल्याच वर्षी सोडलेले खालिद जमील, जे २०२५ साली भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. नशिबाची अशी थट्टा कादंबरीत लिहिली तर संपादक खोडून टाकेल. स्टेडियमने क्लब मारला असं मी म्हणत नाही. पैसा, मालकांची इच्छा, आयएसएल या नव्या लीगचं आगमन, कारणं खंडीभर. पण आजारी माणसाला घराबाहेर ठेवलं की आजार बळावतो, एवढं आमच्या गावचा वैदूही सांगेल.

कूपरेजच्या एका माळ्याने (कृत्रिम गवताला माळी कशाला, हे मी त्याला विचारलंही) मला सकाळी कडेने चालू दिलं होतं. हिरव्या प्लॅस्टिकच्या पात्यांमध्ये काळ्या रबराचे बाजरीएवढे दाणे भरलेले. पाय टाकला की ते उडतात, मोज्यात शिरतात. नऊ वाजता तळव्यांना ऊब लागत होती, दुपारी काय होत असेल? तो म्हणाला, "पानी मारतो, तरी तापतंय." वर आणखी म्हणाला, "पण साहेब, आता पावसात पोरं खेळतात." वस्तीतल्या लीगचे सामने एका पाठोपाठ एक लावता येतात, मैदानाचा चिखल होत नाही. गवताच्या प्रेमात आंधळं होऊन मी हे विसरू नये म्हणून इथे नोंदवतो.

आता रिवाज म्हणून थोडं जगाचं. १९८९ साली इंग्लंडमध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली. त्यानंतर मोठ्या मैदानांवर उभ्याने सामना बघणं बरीच वर्षं बंद राहिलं, नव्या स्टेडियमांची लाट आली आणि तिकिटं महागली. आर्सेनलने २००६ साली ३८ हजारांचं हायबरी सोडून ६० हजारांचं मैदान बांधलं आणि वर्षानुवर्षं कर्जाच्या टाचेखाली काढली. वेस्ट हॅम २०१६ साली ऑलिंपिकच्या स्टेडियमात गेलं, तिथे प्रेक्षक आणि मैदान यांच्यात अंतर फार, म्हणून जुनी मंडळी अजून कुरकुरतात. शहाणपण केलं स्पेनमधल्या बिल्बाओने. जुन्या मैदानाला खेटून नवं बांधलं, २०१३ साली तीन बाजू तयार होताच खेळ सुरू केला आणि चौथी बाजू जुनं पाडून उभारली. संघाला गाव सोडावं लागलं नाही. झालं जग.

पुन्हा मुंबई. आयएसएलमधली मुंबई सिटी एफसी २०१४ साली सुरू झाली ती नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. स्टेडियम देखणं, पण क्रिकेटचं, पन्नास हजारांच्या वरचं. त्यात आठ-दहा हजार माणसं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये बारशाचे पाहुणे. २०१६ साली संघ अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात आला. जागा कमी, पण बाक मैदानाला चिकटलेले, प्रशिक्षकाच्या शिव्या ऐकू येतील इतके. त्याच वर्षी दिएगो फोर्लानच्या संघाने साखळीत पहिला क्रमांक पटकावला. मैदान बदललं म्हणून, असं कोण म्हणेल? मी म्हणेन, दबक्या आवाजात.

याच अंधेरीत १ जून २०१८ रोजी भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि बघायला माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. छेत्रीने हात जोडून चित्रफीत टाकली, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्यात, धो धो पावसात तिकिटं संपली. मैदान तेच, खुर्च्या त्याच.

मुंबई सिटीवरही पुढे परागंदा व्हायची वेळ आली. २०२३ साली आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने अंधेरीत घेता येईनात, म्हणून मुंबई सिटी पुण्यात खेळली. सौदीच्या अल हिलालविरुद्धचा सामना तेवढा डी. वाय. पाटीलवर झाला. त्यांचा नेमार येणार म्हणून माझ्यासकट हजारोंनी तिकिटं काढली आणि तो तीनेक आठवडे आधी जायबंदी झाला. मी तरी गेलो. विदर्भ एक्सप्रेसचं आरक्षण वाया घालवणं आमच्या घरात पाप आहे.

बालेवाडीबद्दल एकच सांगतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं हे प्रशस्त संकुल. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी, चार क्लबांनी त्याला घर म्हटलं. आज त्यातला एकही नाही. पुणे एफसी तर २०१२-१३ साली आय-लीगमध्ये दुसरी आली होती. धावपट्टीपलीकडून बघताना खेळाडूचा पाठीवरचा आकडा मला कधी धड वाचता आला नाही.

मध्येच एक गोंदियाची गोष्ट. २००९ ते २०२२ या काळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. कूपरेज सांभाळणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची धुराही त्यांच्याकडेच होती. त्यांच्याच काळात २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्याआधी, १५ सप्टेंबरला, राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल वाटून लाखो मुलांना एका दिवशी खेळवलं गेलं. माझ्या भाचीच्या शाळेतही बॉल आले. पुढच्या वर्षी मी विचारलं तर म्हणाली, "कपाटात आहेत मामा, फुटतील म्हणून." देशाच्या फुटबॉलची सूत्रं आमच्या गावच्या माणसाकडे, आणि आमच्या आळीत फुटबॉल कुलूपबंद!

आता कोल्हापूर. इथे कुणाला अध्यक्ष, विश्वचषक, चित्रफीत कशाचीच गरज पडत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे केएसए, १९४० ची. तिचं राजर्षी शाहू स्टेडियम शहराच्या पोटात आहे. शेजारी रावणेश्वराचं देऊळ, आणि जुने लोक सांगतात की इथे रावणेश्वराचं तळं होतं, ते बुजवून मैदान झालं. संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब. क्लब म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. कुस्तीच्या लाल मातीतून उठलेले लोक फुटबॉल खेळतात आणि गल्ली त्यांच्यासाठी जीव टाकते. गर्दीत कधी हाणामारी होते, पोलीस येतात, हेही खरं. परदेशी खेळाडू आणायचे की नाही यावर तिथे जेवढं भांडण होतं तेवढं आमच्याकडे धानाच्या बोनसवर होतं.

पायऱ्या उघड्या. डोक्यावर छप्पर नाही, पाठीला टेकण नाही. मी सोबत नेलेलं वर्तमानपत्र अंथरायला लागलो तर शेजारचे म्हातारबा म्हणाले, "पावनं, तिथं न्हाई. ती जागा आमच्या दोस्ताची." दोस्त कुठे आहेत विचारलं. "गेला की चार वर्सांमागं. पर त्येचा पोरगा येतोय, जरा उशीर हुतोय त्येला दुकान बंद करून." मी एक पायरी खाली सरकलो. वीस मिनिटांनी पोरगा आला, हातात भडंगाची पुडी, चालत. सगळे चालतच आले होते. या पायऱ्या पाडून क्रमांक टाकलेल्या खुर्च्या बसवल्या, तर त्याची जागा कुठल्या क्रमांकाला जाईल? आणि बांधकामाची दोन-तीन वर्षं तो दुकान बंद करून कुठे जाईल?

हेच प्रश्न मला नागपुरात धंतोलीच्या यशवंत स्टेडियमजवळून जाताना पडतात. हिवाळी अधिवेशनात मोर्चे जिथून निघतात तेच ते. त्याच्या पुनर्विकासाची बोलणी मी बरीच वर्षं ऐकतो आहे. किती मजले, किती दुकानं, किती गाड्या उभ्या राहतील, सगळं बोललं जातं. मधल्या काळात पोरं कुठे खेळणार, हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापुरातून दुपारी सुटते आणि सामना चारला असतो. पहिल्या खेपेला मी आपलं आरक्षण निमूटपणे रद्द केलं. खिडकीतल्या माणसाने कारण विचारलं. सामना आहे म्हटलं. "कुणाचा?" पाटाकडील आणि शिवाजी. त्याने अर्ज परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मग परवाचं काढा. उद्या तुम्हाला घसा नसणार."