जुन्या गाडीचं फिरतं घर – भाग ७ : आधी काटा, मग पाटा

माणगावकडून मोर्बा, साई मागे टाकत आलेली गाडी घोणसे घाट उतरून म्हसळ्यात पोचते. या उताराला जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या पुढच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, काय गुदरतं, ते आधी आकड्यात बघू. फर्निचर, पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि माणसं धरून साडेतीन टनांची गाडी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.३५ मीटर आहे. छतापर्यंत कपाटं आणि वर सोलर पॅनेल असल्यामुळे गुरुत्वमध्य जमिनीपासून १.२ मीटर उंच गेला आहे. वळणाआधी चालकाने ब्रेक दाबला आणि ब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या ३० टक्के असला, तर त्या क्षणी मागच्या ॲक्सलवरून पुढच्यावर सुमारे ३७५ किलो भार सरकतो. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, तर पाटा आधीच निम्मा दबलेला असतो. तो पूर्ण बसतो, ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो, आणि स्टिअरिंगमधून मनगटापर्यंत हादरा येतो.

असा हादरा दोन-चार वेळा बसला की मालक गॅरेजला जातो आणि म्हणतो, पुढे एक पाटा वाढवून द्या. मिस्त्रीही देतो. गाडीचं नाक उचललेलं दिसतं, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. महिन्याभरात शॉकअप गळायला लागतात, ताटं-वाट्या कपाटातून उड्या मारतात, आणि मूळ दुखणं तिथंच राहतं. ही घाई टाळावी, एवढ्यासाठीच आजचा भाग आहे.

महाराष्ट्रात घरगुती कॅम्पर बनवायला घेतल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये सर्वांत जास्त दिसते ती टेम्पो ट्रॅव्हलर, म्हणून थोडी तिची कुळकथा. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये ती आणली. मूळ आराखडा मर्सिडीझच्या टी-१ या मालवाहू व्हॅनचा, जी जर्मनीत १९७७ पासून निघत होती. टी-१ ला पुढेही सलग आडवा ॲक्सल आणि त्याला पाटे, अगदी ट्रकसारखे. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये तेच आलं. हा बांधा दणकट आहे, गावातला मिस्त्रीही तो खोलू-जोडू शकतो. २००७ साली आलेल्या टाटा विंगरची गोष्ट वेगळी. तिची मुळं फ्रान्सच्या रेनॉ ट्राफिकमध्ये, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, आणि पुढे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. युरोपात घरगाड्यांसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी फियाट डुकाटोही याच जातीची आहे. जड घर पाठीवर घेतलेल्या जुन्या डुकाटोंचं नाक रबरी ठोकळ्यांवर टेकतं आणि तिथले मालक पुढच्या कॉइल बदलून जास्त ताकदीच्या बसवतात. विंगरवाल्यांनी या लेखातला वजनाचा भाग जसाच्या तसा घ्यावा, पाट्यांच्या बांधणीचा भाग सोडून द्यावा.

आता खरा प्रश्न. नाक खाली गेलं आहे, पण का? पाटा थकला म्हणून, की वजन वाढलं म्हणून? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि नुसतं बघून फरक कळत नाही.

प्रवासी गाडी आणि घरगाडी यांच्यात पाट्याच्या दृष्टीने एक मोठा भेद आहे. सोळा प्रवासी म्हणजे हजार-अकराशे किलो, पण ते संध्याकाळी उतरतात आणि पाटा रात्रभर मोकळा होतो. प्लायवूडचा पलंग, ओटा, फ्रीज आणि कपाटं उतरत नाहीत. गाडी चार महिने पावसात ताडपत्रीखाली उभी असली तरी पाटा वाकलेलाच असतो. पोलाद सतत ताणाखाली राहिलं की हळूहळू त्याच आकारात बसतं आणि कमान सपाट होते. त्यात गाडी पंधरा-वीस वर्षांची असेल, तर पाट्यांनी त्यांचं आयुष्य आधीच शाळेच्या मुलांना आणि लग्नाच्या वऱ्हाडांना वाहून घालवलेलं असतं.

म्हणून पहिलं काम वजनकाटा. म्हसळ्याच्या आसपास राहणाऱ्याने महाड एमआयडीसीकडे जाणं झालं की तिथे गाडी काट्यावर घालावी. टाकी भरलेली, सिलिंडर जागेवर, नेहमी सोबत असणारी माणसं बसलेली, म्हणजे सहलीला निघताना असते तशीच गाडी न्यावी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन चिठ्ठ्या. चॅसिसवरच्या किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवर दोन्ही ॲक्सलची मर्यादा लिहिलेली असते, तिच्याशी हे आकडे ताडून बघायचे. पुढचा ॲक्सल मर्यादेच्या वर असेल, तर कुठलाही पाटा त्यावर इलाज नाही. पाटा जाड केला म्हणून ॲक्सल, किंगपिन, बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांची ताकद वाढत नाही. गाडी वरून ऐटबाज दिसते आणि आतून तेवढीच ओव्हरलोड राहते. अशा गाडीचं वजन कमी करावं लागतं किंवा मागे सरकवावं लागतं, तिसरा मार्ग नाही.

वजन सरकवण्याचा हिशेब साधा आहे. चालकाच्या सीटमागे १०० लिटरची टाकी बसवली, तर ती भरल्यावर १०० किलो. मागच्या ॲक्सलपासून ती अडीच मीटर पुढे असेल, तर त्यातले सुमारे ७५ किलो पुढच्या चाकांवर आणि २५ मागच्या. तीच टाकी मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर घेतली, तर पुढे शून्य. दीडशे ॲम्पिअर-अवरची पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. अशा दोन बॅटऱ्या सीटखाली असल्या, तर कित्येकदा तिथेच उत्तर सापडतं.

मात्र हाच हिशेब उलटाही चालतो. मागच्या दाराबाहेर, ॲक्सलच्या दीड मीटर मागे, ८० किलोचं स्टँड आणि सामान टांगलं, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ३६ किलो उचलले जातात आणि मागच्यांवर ११६ किलो पडतात. पुढून चालणाऱ्या विंगरला याचा फटका जास्त. हरिहरेश्वरच्या बाजूने बागमांडल्याला फेरीबोटीवर चढायचं असतं, उतार ओला आणि शेवाळलेला असतो, आणि नेमकी ताकद देणारी चाकं हलकी होऊन जागेवर फिरतात. नाक वर आलं म्हणजे सगळं ठीक झालं, असं समजू नये.

काट्याचे आकडे मर्यादेत असतील, तर मग पाट्याकडे वळायचं. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा कमी-जास्त असली तर आकडा फसवतो. मग रबरी ठोकळा आणि ॲक्सल यांच्यात किती जागा उरते ते बघा. ठोकळ्यावर खडूने जाड पट्टा ओढून घाटातून एक फेरी मारून या. पट्टा पुसला असेल, तर ॲक्सल तिथे लागतो आहे, वादच नाही.

समजा पाट्याची ताठरता मिलिमीटरला १० किलो आहे आणि काट्याप्रमाणे एका बाजूला ८० किलो वाढले आहेत. तर नाक ८ मिलिमीटरच खाली यायला हवं. प्रत्यक्षात ४० मिलिमीटर गेलं असेल, तर बाकीच्याचा दोष वजनाकडे नाही, थकलेल्या पोलादाकडे जातो. आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढचे पाटे उतरवू नका. गाडीची बॉडी एकसंध असते, म्हणून मागचा डावा पाटा बसला तरी पुढची डावी बाजू खाली दिसते. मागच्या ॲक्सलवर बॉडी मधोमध एकाच जॅकवर उचलून बघा. पुढचा तिरपेपणा गेला, तर दोषी मागे आहे.

आता पाटा वाढवण्याबद्दल. पाट्याची ताठरता त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाच सारख्या पाट्यांना सहावा जोडला, तर ताठरता सुमारे २० टक्के वाढते. पण ७ मिलिमीटरचे सगळे पाटे काढून ८ मिलिमीटरचे घातले, तर जवळजवळ ५० टक्के. नुसता एक मिलिमीटर, डोळ्यांना कळणारही नाही एवढा फरक. आणि ताठरता वाढली की गाडी कशी चालते? चाकावरच्या वजनाने पाटा १० सेंटिमीटर दबत असेल, तर नाक सेकंदाला दीडपेक्षा थोडं जास्त वेळा झुलतं, माणसाला हे सुसह्य. तोच पाटा ५ सेंटिमीटरच दबत असेल, तर सेकंदाला सव्वादोन वेळा. म्हसळ्याहून श्रीवर्धनपर्यंत अशा गाडीत बसलं की पाठ बोलू लागते, आणि फर्निचरचे स्क्रू ढिले पडायला लागतात. शिवाय मूळ शॉकअप मूळ पाट्यासाठी नेमलेला असतो. ताठर पाटा दबून परत उसळतो तेव्हा त्याला आवर घालायला तो कमी पडतो.

म्हणून माझा कौल असा. वजन मर्यादेत आहे आणि पाटे थकले आहेत, तर कंपनीच्या मूळ मापाचा पूर्ण नवा संच दोन्ही बाजूंना बसवावा. एक बाजू नवी, एक जुनी, असं कधीच नको. जुन्याच पाट्यांना कमान काढून घेणं स्वस्त पडतं आणि कमानवाल्याच्या हातात कसब असेल तर उंचीही परत येते. पण हातोड्याने वाकवलेला थकलेला पाटा पुन्हा बसतो, आणि गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवला असेल तर त्या जागची पोलादाला पाणी देऊन आलेली ताकदच जाते. तापवलेला पाटा मुख्य पाटा असेल, तर मी त्या गाडीत बसणार नाही. मुख्य पाटा तुटला म्हणजे ॲक्सलच जागेवरून सरकतो.

ॲक्सल मर्यादेत पण काठावर असेल, तरच जास्त ताकदीच्या संचाचा विचार करावा, आणि तोही त्याच गाडीच्या जड प्रकाराला कंपनी देते तो. सोबत शॉकअप नवे. यात कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. घरगाडीसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. रायगडच्या दक्षिण भागातल्यांनी मोठा बदल करण्याआधी पेणच्या आरटीओत विचारून घ्यावं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, तेव्हा विचारण्यात अर्थ नसतो.

किनाऱ्याचा त्रास वेगळा सांगायला हवा, कारण पुण्याच्या गॅरेजला तो दिसत नाही. म्हसळ्याची खाडी, दिवेआगरची वाळू, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. खारं दमट वारं पाट्यांच्या फटीत जातं आणि तिथे गंजाचे थर चढतात. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत. गाडी कडक लागते, आणि मालकाला वाटतं पाटे ताकदवान आहेत. खरं तर ते अडकलेले असतात, आणि गंजाच्या खड्ड्यातूनच तडा सुरू होतो, बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या भोकापाशी, जिथे तो वरून दिसत नाही. दिवाळीच्या आधी, पाऊस संपला की पाटे गोड्या पाण्याने धुवावेत, वायर ब्रशने घासावेत, उघडून ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधावेत. वाळूत गाडी घातलीच असेल, तर त्याच दिवशी खालून धुणं बरं.

बसवताना तीन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्याव्यात. यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत, जुने एकदा ताणलेले असतात आणि पुन्हा तेवढे आवळले जात नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शॅकलच्या पिना शेवटच्या आवळाव्यात. हवेत लोंबकळत असताना आवळल्या, तर रबरी बुश पिळला जाऊन लवकर फाटतो. आणि काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत. काम चालू असताना गाडी चॅसिसखाली स्टँडवर असायला हवी, नुसत्या जॅकवर असेल तर मिस्त्रीला थांबवा. नंतर अलाइनमेंट करून घ्या. नाक वर गेलं म्हणजे ॲक्सलचा कल बदलतो, ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यातही एका बाजूला ओढतं. हेडलाइटही वर जातात. घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत ते घुसू नयेत, म्हणून त्याच दिवशी खाली करून घ्यावेत.

पुढच्या भागात मागचा ॲक्सल आणि त्याला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह बघू. तोवर वाचकांना एकच विनंती. पाट्यांची ऑर्डर देण्याआधी काट्याच्या तीन चिठ्ठ्या हातात घ्या आणि त्या मिस्त्रीसमोर ठेवा.