पवनेचे पाणी आणि दहाचे घात

पावसाळा आला की लोणावळ्यात चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला आणि पवना धरण किती भरले, हे आपण रोज वाचतो. पण १०० मिलिमीटर म्हणजे किती पाणी, एक टीएमसी म्हणजे किती लिटर, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. शून्यांची रांग पाहूनच धडकी भरते. ही रांग आवरण्यासाठीच शाळेतले घातांकांचे नियम आहेत.

१० तीनदा मांडून गुणले की १,००० होतात. हा १० चा ३ रा घात. १० हा पाया, ३ हा घातांक. पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, भागाकारात वजाबाकी होते आणि घाताचा पुन्हा घात केला तर घातांकांचा गुणाकार होतो.

आता पाऊस मोजू. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. किलोमीटरमध्ये १० चा ३ रा घात इतके मीटर; त्याचा वर्ग केला की चौरस किलोमीटरमध्ये १० चा ६ वा घात इतके चौरस मीटर. १०० मिलिमीटर हा १० चा २ रा घात. ६ आणि २ मिळून ८, म्हणजे एका चौरस किलोमीटरवर १० कोटी लिटर!

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. ३ आणि ६ मिळून ९, म्हणजे एक अब्ज. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दिलेल्या संख्यानामांतही अब्ज याच जागी येते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर मावतात. पवनेची क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी, म्हणजे २४० गुणिले १० चा ९ वा घात इतके लिटर. पिंपरी-चिंचवडसाठी रोज ५० कोटी, म्हणजे ५ गुणिले १० चा ८ वा घात इतके लिटर उचलले असे धरू. २४० भागिले ५ म्हणजे ४८. ९ वजा ८ म्हणजे १. उत्तर ४८० दिवस.

अर्थात, शेतीचा वाटा आणि बाष्पीभवन यातून वजा जाते. पण घातांक एकाने चुकला, तर हेच उत्तर ४८ दिवस येईल!

एक पथ्य मात्र पाळावे. हे नियम गुणाकार-भागाकाराचे आहेत, बेरजेचे नाहीत. हजार आणि दहा लाख यांचा गुणाकार अब्ज. बेरीज फक्त दहा लाख एक हजार. आणि संख्येला तिनेच भागले तर घातांक उरतो शून्य, उत्तर येते १. म्हणून शून्य सोडून कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १ असतो. मुलांना हे पाठ करायला लावण्यापेक्षा धरणाचा आकडा देऊन सोडवायला सांगा.