होडीची दुरुस्ती : इपॉक्सी राळेची निवड व मिश्रण

कोकणातील खाड्यांच्या काठी राहणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन पलीकडच्या तीरावर असते. भाताचे भारे, गवत, खताची पोती आणि आंब्याच्या पेट्या यांची ने-आण लहान होडीतूनच करावी लागते. अशा कुटुंबाला होडी ही बैलजोडीइतकीच मोलाची असते. मच्छीमार बंधूंचे तर सारे पोट तिच्यावरच अवलंबून असते. म्हणून तिची दुरुस्ती स्वस्तात, परंतु टिकाऊ व्हावी, अशी प्रत्येकाची इच्छा असते. अलीकडे या कामी इपॉक्सी राळेचा उपयोग वाढला आहे. राळ उत्तम आहे. मात्र ती वापरण्याची रीत चुकल्यास पैसा वाया जातो आणि प्रसंगी जिवावरही बेतते.

खाडीकाठच्या एका शेतकऱ्याने होडीच्या तळाला पडलेली चीर इपॉक्सीने बुजविली. काम लवकर उरकावे म्हणून त्याने हार्डनर दीडपट घातला. वरून ठिगळ चांगले दिसत होते, पण आतून ते रबरासारखे मऊ राहिले होते. भर भरतीच्या वेळी ते सुटले. माणसे पोहून काठाला लागली, परंतु भाताची पोती गेली. हा अपघात कशामुळे झाला हे समजून घेतले, तर असे नुकसान सहज टाळता येईल.

दोन राळा, दोन स्वभाव

फायबरच्या बहुतेक होड्या पॉलिएस्टर राळेच्या असतात. त्या राळेत उत्प्रेरक शेकडा 1 ते 2 या प्रमाणात घालतात व तो थोडा कमीजास्त करून घट्ट होण्याची वेळ बदलता येते. इपॉक्सीचे तसे नाही. इपॉक्सीमध्ये राळ व हार्डनर ही दोन्ही द्रव्ये परस्परांशी संयोग पावून एकजीव होतात. हार्डनर जास्त झाल्यास जास्तीचा भाग, आणि कमी पडल्यास राळेचा भाग, जोडीदारावाचून तसाच राहतो. म्हणून हार्डनर वाढवून इपॉक्सीचे काम लवकर होत नाही. ते फक्त बिघडते. वरील शेतकऱ्याची चूक हीच होती.

कोणती राळ घ्यावी?

लाकडी होडीला आणि फायबरच्या जुन्या होडीच्या ठिगळाला इपॉक्सी चांगली चिकटते. मात्र वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर राळ नीट धरत नाही. म्हणून इपॉक्सीने सुरू केलेले काम इपॉक्सीनेच पुरे करावे. फायबरच्या कामात नेहमी वापरतात ती तुटक धाग्यांची मॅट पॉलिएस्टर राळेसाठी केलेली असते. तिच्यातील चिकट द्रव्य इपॉक्सीत बहुधा विरघळत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेले काचेचे कापड वापरावे.

कापड चढविण्यासाठी पातळ राळ घ्यावी. जाड गोंदासारखी राळ फक्त चिकटविण्यासाठी असते. आपल्याकडे उन्हाळ्यात तापमान 30 अंशांच्या वर जाते, म्हणून सावकाश घट्ट होणारा हार्डनर मागून घ्यावा. तापमान 10 अंशांनी वाढले, की घट्ट होण्यास लागणारा वेळ सुमारे निम्मा होतो.

लाकडी होडीच्या फळ्यांमधील सांधे मात्र इपॉक्सीने भरू नयेत. पाण्यात फळ्या फुगतात व उन्हात आकसतात. कठीण राळ या हालचालीला दाद देत नाही, त्यामुळे फळीच चिरते. सांध्यांसाठी कापसाच्या वातीची जुनी पद्धतच योग्य होय. इपॉक्सीचा उपयोग चीर, कुजून गेलेला तुकडा बदलणे किंवा प्लायवूडची जोडणी यांसाठी करावा.

पृष्ठभागाची तयारी

राळ ओल्या वा तेलकट लाकडाला धरत नाही. ज्या होडीला वर्षानुवर्षे माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावले आहे, ती ताज्या लाकडापर्यंत तासावी. तासलेल्या जागी पाण्याचा थेंब टाकावा. तो मोत्यासारखा उभा राहिला, तर तेल शिल्लक आहे असे समजावे. ओल तपासण्यासाठी त्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसल्यास लाकूड आणखी सुकू द्यावे. खाऱ्या पाण्याचे मीठ गोड्या पाण्याने आधीच धुवून काढावे.

फायबरच्या होडीला भोक पडले असेल, तर त्याच्या कडा उतरत्या घासाव्यात. उतार जाडीच्या 12 पट असावा. म्हणजे 6 मिलिमीटर जाडीच्या तळाला सभोवार 72 मिलिमीटर उतार द्यावा. ठिगळाचे बळ या रुंद उतारावरच अवलंबून असते.

मोजणे व ढवळणे

डब्यावरील प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे प्रथम पाहावे. दोन्ही द्रव्यांची घनता वेगळी असते. बाजारातील एका प्रसिद्ध जोडीचे प्रमाण मापाने समसमान, परंतु वजनाने 100 ला 80 आहे. काही पातळ राळांना 100 ग्रॅमला केवळ 10 ग्रॅम हार्डनर लागतो. तेथे 3 ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची चूक होय. असे प्रमाण अंदाजाने न घेता ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावरच मोजावे.

किती राळ लागेल याचा हिशेब सोपा आहे. हाताने काम करताना कापडाच्या वजनाइतके मिश्रण धरावे. 200 ग्रॅम कापडाला सुमारे 200 ग्रॅम मिश्रण पुरते.

एका वेळी थोडेच मिश्रण करावे. दोन्ही द्रव्ये एकत्र करून 2 ते 3 मिनिटे सावकाश ढवळावीत व भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्यावा. मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळावे. म्हणजे तळाशी न मिसळलेली राळ राहत नाही. भेग भरण्यासाठी मिश्रण दाट हवे असल्यास सिलिका किंवा चाळलेला बारीक भुसा मागाहूनच घालावा. ते श्रीखंडाइतके दाट झाले म्हणजे उभ्या बाजूवरून ओघळत नाही.

मिश्रण खोल भांड्यात साचून राहिल्यास स्वतःच्या उष्णतेने तापते, धुरावते व क्षणात गोठते. म्हणून ते लगेच पसरट ताटलीत ओतावे. काम दुपार कलल्यावर सावलीत करावे. तापत्या लाकडातून हवा बाहेर येऊन राळेत बुडबुडे धरतात. निवत्या लाकडात तसे होत नाही.

नंतरची काळजी

दमट हवेत वाळलेल्या राळेवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्यापूर्वी तो पाण्याने धुवून, घासून काढावा. साधारणपणे 24 तासांनी नखाने दाबून पाहावे. नख रुतत असेल, तर होडी पाण्यात लोटू नये. पुरी ताकद येण्यास सुमारे 7 दिवस लागतात. त्यानंतरही राळ चिकटच राहिल्यास ती सर्व खरवडून पुन्हा काम करावे. वर दुसरा थर देऊन दोष झाकू नये. इपॉक्सी उन्हाने खराब होते, म्हणून शेवटी रंग अवश्य द्यावा.

काम करताना हातमोजे घालावेत. राळेचा वारंवार स्पर्श झाल्याने अंगाला कायमची खाज व पुरळ जडते. हाताला लागलेली राळ थिनरने पुसू नये, साबणाने धुवावी. घासताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एक काटा व मोजमापाची भांडी सामाईक ठेवण्याचा प्रयत्न करावा. पहिल्यांदा राळ वापरणाऱ्याकडून फळीच्या तुकड्यावर 50 ग्रॅमचा नमुना करवून घ्यावा व घट्ट होण्यास लागलेला वेळ लिहून ठेवावा. दुरुस्ती मे महिन्यापूर्वीच, हवा कोरडी असताना उरकावी. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटताना तिच्या तळाविषयी मनात शंका राहू नये, हेच या साऱ्या खटाटोपाचे फळ आहे.