सार्वजनिक दप्तरांचें वाचन : मोफत कीं मोलानें?

वंशावळ जुळविण्याच्या कामीं मूळ कागद व त्याचें वाचन हीं दोन निराळीं साधनें होत. कागद सरकारी दप्तरांतील, म्हणजे सर्वांचा. वाचन मात्र कोणा एकाच्या डोळ्यांचें व श्रमाचें. तेव्हां त्या वाचनाचें मोल घ्यावें कीं तें सर्वांस मोफत खुलें करावें, हा प्रश्न उपस्थित होतो. ब्रिटिश बेटांत याचा पुष्कळ अनुभव आला असल्यामुळें प्रथम तो पाहूं.

इंग्लंड व वेल्समध्यें जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिच्या सूचींची नक्कल 'फ्रीबीएमडी' या उपक्रमांत १९९८ पासून स्वयंसेवक करीत आले असून ती कोणासही विनामूल्य पाहतां येते. उलट तेथील १९२१ ची खानेसुमारी ६ जानेवारी २०२२ रोजीं खुली झाली ती 'फाइंडमायपास्ट' या व्यापारी संस्थेमार्फत. एका घराच्या नोंदीच्या वाचनास अडीच पौंड व मूळ पत्रकाच्या छायाचित्रास साडेतीन पौंड असा त्या वेळीं दर होता. क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत जाणारास मात्र ती फुकट पाहतां येत असे. आयर्लंडनें आपल्या १९०१ व १९११ च्या खानेसुमाऱ्यांचें वाचन व छायाचित्र हीं दोन्ही विनामूल्य ठेविलीं.

मोल घेणारांची बाजू अगदींच लंगडी नाहीं. १९२१ च्या पत्रकांत सुमारें ३ कोटि ८० लक्ष माणसांची नोंद आहे. तीं पत्रकें साफ करणें, त्यांचीं छायाचित्रें घेणें व तीं वाचून काढणें यांस लागलेला खर्च कोणीतरी सोसावयासच हवा. आमचा आक्षेप मोलाला नसून वाचन व मूळ यांची फारकत करण्याला आहे. ज्याच्या खिशांत पैसे थोडे, तो स्वस्त वाचनच घेणार. आणि त्यांतील चूक ओळखण्याचें साधन त्याच्यापाशीं राहणार नाहीं. 'फ्रीबीएमडी'मध्यें वाचकास सूचीच्या पानाचें छायाचित्र ताडून पाहतां येतें व दुरुस्तीही सुचवितां येते.

आमच्याकडे हा प्रश्न २०२३ पासून फार निकडीचा झाला. त्या वर्षीं महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली व कुणबी नोंदींसाठीं जुनीं मोडी दप्तरें तपासलीं जाऊं लागलीं. जातीचा दाखला एका ओळीच्या वाचनावर अवलंबून राहूं लागल्यामुळें मोडी जाणणारांकडे लोकांची रीघ लागली.

त्या गर्दींत एक गृहस्थ पैसे देऊन करविलेलें देवनागरी वाचन घेऊन आमच्याकडे आले. घरांतील माहितीशीं तें जुळत नव्हतें. एक पिढीच कमी भरत होती. वाचणारानें छायाप्रत दिली नव्हती. ती दप्तरांतून मिळविल्यावर 'तुकोजी बिन मालोजी बिन सुभानजी' असा स्पष्ट मजकूर दिसला. वाचणाराची नजर पहिल्या 'बिन'वरून दुसऱ्यावर घसरली आणि मालोजी नाहींसा झाला! हा दोष पोथ्या ताडून पाहणारांस चांगला परिचयाचा आहे. त्यांतून मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं व ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळीत नाहींत. म्हणून अनुभवी माणसाचीही चूक होते.

भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तींत प्रत्येक श्लोकाखालीं पाठभेद दिले आहेत. संपादकाचा निर्णय वाचकास तपासतां यावा, हाच त्यांतील हेतु. देवग्रंथास जो नियम, तोच पाटलाच्या दप्तरास कां नसावा?

तात्पर्य, वाचणारास श्रमाचा मोबदला अवश्य मिळावा, पण तो एकदांच व शक्य तर सरकारी तिजोरींतून. वाचन पुरें झाल्यावर तें मूळाच्या छायाचित्रासह सर्वांस खुलें असावें. ज्या संग्राहकांपाशीं अशीं वाचनें पडून आहेत, त्यांस आमची विनंति अशी कीं, तीं बाहेर देतांना सोबत छायाप्रत द्यावी, वाचणाराचें नांव घालावें व शंकास्थळीं प्रश्नचिन्ह करावें. एवढें केलें तर आमच्या हातून सुटलेला मालोजी उद्यां दुसऱ्या कोणास तरी सांपडेल.