मोल्दोव्हा : उंबरठ्यावरील राष्ट्राचे अर्थकारण

एखादे निर्धन राष्ट्र जेव्हा श्रीमंत राष्ट्रांच्या संघात प्रवेश मागते, तेव्हा त्या मागणीचा विचार सामान्यतः दोन टोकांनी केला जातो. प्रवेश मिळाला की समृद्धी मागोमाग येते, असे एक पक्ष मानतो. आधी घर सावरावे आणि मगच शेजाऱ्याचे दार ठोठवावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. अर्ज केल्यापासून सदस्यत्व मिळेपर्यंतचा जो मधला काळ, त्याच्या अर्थशास्त्राकडे मात्र उभय पक्षांचे दुर्लक्ष होते. वस्तुतः राष्ट्राची कसोटी लागते ती याच काळात. पूर्व युरोपातील मोल्दोव्हा हे लहानसे प्रजासत्ताक आज त्या काळातून जात आहे.

रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर आठवड्याभरातच, ३ मार्च २०२२ रोजी, मोल्दोव्हाने युरोपियन संघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. २३ जून २०२२ रोजी त्यास उमेदवार राष्ट्राचा दर्जा मिळाला आणि २५ जून २०२४ रोजी वाटाघाटींस औपचारिक प्रारंभ झाला. २०३० पर्यंत सदस्यत्व, हे किशिनाव येथील शासनाचे घोषित उद्दिष्ट आहे. परंतु या देशाचे दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशोबानेही संघाच्या सरासरीच्या एक-तृतीयांशाहून कमी भरते. ही दरी केवळ भांडवलाची नाही. तिचे खरे स्वरूप समजण्यासाठी प्रथम या देशाच्या आर्थिक वारशाचा विचार केला पाहिजे.

१. वारसा

प्रूत आणि नीस्टर या नद्यांमधील भूभाग, जो पूर्वी बेसारेबिया या नावाने ओळखला जाई, दोन महायुद्धांच्या दरम्यान रुमानियात होता आणि पुढे सोव्हिएट संघराज्यात गेला. सोव्हिएट नियोजनात नीस्टरच्या उजव्या तीराकडे द्राक्षे, फळे, तंबाखू व मद्यनिर्मिती ही कामे आली. पोलादाचा कारखाना आणि कुचुर्गान येथील मोठे वीजकेंद्र मात्र डाव्या तीरावर उभे राहिले. एकाच राज्यात ही विभागणी सोयीची होती. २७ ऑगस्ट १९९१ रोजी मोल्दोव्हा स्वतंत्र झाला, १९९२ मध्ये सशस्त्र संघर्ष होऊन डावा तीर, म्हणजे ट्रान्सनिस्ट्रिया, प्रत्यक्षात वेगळा पडला, आणि शेत एका राजवटीत व वीज दुसऱ्या राजवटीत अशी स्थिती उत्पन्न झाली.

शेताची अवस्थाही समाधानकारक राहिली नाही. देशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भूभाग चेर्नोझम या सुपीक काळ्या मातीचा आहे. परंतु नव्वदीच्या दशकात सामुदायिक शेते मोडून जे वाटप झाले, त्यात प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी सुमारे दीड हेक्टर जमीन आली, आणि तीही बहुधा तीन-चार ठिकाणी विखुरलेली. सिंचनाची सोव्हिएटकालीन व्यवस्था मोडकळीस आली. २०२० व २०२२ या वर्षांच्या अवर्षणाने जो फटका दिला, त्याचे मूळ आभाळाइतकेच या मोडक्या व्यवस्थेतही होते.

२. संहिता आणि भाषा

संघप्रवेशाच्या अटी १९९३ च्या कोपनहेगन येथील परिषदेत निश्चित झाल्या. स्थिर लोकशाही संस्था, संघातील स्पर्धेस टिकणारी बाजारव्यवस्था आणि संघाची समग्र विधिसंहिता अमलात आणण्याची क्षमता, या त्या अटी होत. ही संहिता वाटाघाटींसाठी ३५ प्रकरणांत विभागली आहे. सार्वजनिक खरेदीपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सर्व विषयांचे नियम तिच्यात आहेत, आणि सामान्यतः उमेदवार राष्ट्राला या सहस्रावधी पृष्ठांचे स्वभाषेत भाषांतर करण्यातच अनेक वर्षे घालवावी लागतात.

या बाबतीत मोल्दोव्हाची स्थिती अपवादात्मक आहे. १९९४ च्या राज्यघटनेत राजभाषेस ‘मोल्दोव्हन’ म्हटले होते. परंतु सोव्हिएट काळातील सिरिलिक लिपी वगळली, तर ही भाषा आणि रुमानियन यांत प्रमाणलेखनाच्या दृष्टीने भेद करता येत नाही. लॅटिन लिपी १९८९ मध्येच परत आली होती. डिसेंबर २०१३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने स्वातंत्र्याच्या घोषणापत्रातील ‘रुमानियन’ हेच नाव अधिक प्रमाण मानले, आणि मार्च २०२३ मध्ये संसदेने सर्व कायद्यांतून त्या नावाचा अवलंब केला. रुमानियन ही २००७ पासून संघाची अधिकृत भाषा असल्यामुळे समग्र संहिता मोल्दोव्हाला स्वभाषेत आयतीच उपलब्ध आहे. त्यामुळे कायदे संमत करण्याचा वेग इतर उमेदवारांच्या तुलनेने अधिक असू शकतो.

परंतु संहिता हाती असणे आणि ती चालविता येणे या भिन्न गोष्टी आहेत. देशात जवळजवळ नऊशे ग्राम व नगर शासने असून त्यांतील पुष्कळांची लोकसंख्या अत्यल्प आहे. जेथे एक सचिव आणि एक हिशोबनीस एवढाच कर्मचारीवर्ग, तेथे सार्वजनिक खरेदीचे युरोपीय नियम पाळून जलवाहिनीची योजना तडीस नेणे दुष्कर ठरते. न्यायसंस्थेची कथाही अशीच आहे. न्यायाधीशांच्या सचोटीची व मालमत्तेची छाननी सुरू झाल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील बहुसंख्य न्यायाधीशांनी राजीनामे दिले. छाननी आवश्यक होती यात संशय नाही. २०१४ मध्ये तीन बँकांतून सुमारे १ अब्ज डॉलर, म्हणजे त्या वेळच्या सकल देशांतर्गत उत्पादनाचा सुमारे आठवा हिस्सा, नाहीसा झाला. ते कर्ज अखेर सरकारी रोख्यांच्या रूपाने करदात्यांच्या माथी बसले, आणि दोषींना शासन होण्यास मात्र वर्षानुवर्षे लागली. तथापि जुने न्यायाधीश गेल्यावर त्यांच्या जागी योग्य माणसे पुरेशा संख्येने कोठून आणावयाची, हा प्रश्न संहितेच्या कोणत्याही प्रकरणात सुटत नाही.

३. बाजारपेठ

मोल्दोव्हाच्या वाइनचा इतिहास हा परावलंबनाचा आणि त्यातून सुटण्याच्या प्रयत्नाचा इतिहास आहे. २००५ पर्यंत तिची बहुतांश निर्यात रशियात होत असे. मार्च २००६ मध्ये रशियाने आरोग्यविषयक कारण पुढे करून आयात बंद केली. सप्टेंबर २०१३ मध्ये, युरोपियन संघाशी सहयोग करार होऊ घातला असतानाच, पुन्हा बंदी आली. आणि जून २०१४ मध्ये करारावर स्वाक्षरी होताच जुलैमध्ये फळांवरही आली. संघाने वाइनवरील निर्बंध १ जानेवारी २०१४ पासूनच उठविले, आणि आज मोल्दोव्हाची जवळजवळ दोन-तृतीयांश निर्यात संघाकडे जाते.

ही दिशा बदलणे म्हणजे केवळ ग्राहक बदलणे नव्हे. रशियन ग्राहकास गोडसर, स्वस्त व मोठ्या प्रमाणावर भरलेली वाइन चाले. पश्चिमेकडील ग्राहकास मूळ प्रदेशाचा निर्देश, प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आणि दर वर्षी सारखाच दर्जा हवा असतो. त्यासाठी द्राक्षवेली नव्याने लावाव्या लागल्या व तळघरांतील यंत्रे बदलावी लागली. युरोपियन गुंतवणूक बँकेने ७.५ कोटी युरोंचे कर्ज दिले. प्राणिज पदार्थांच्या बाबतीत अडचण याहून बिकट होती. मध वगळता असे बहुतेक पदार्थ दीर्घकाळ संघात जाऊच शकले नाहीत. कारण जकात उठली तरी पशुवैद्यकीय तपासणीची यंत्रणा तयार नव्हती. मराठी वाचकास हा अनुभव परका नाही. २०१० मध्ये कीटकनाशकादी द्रव्यांच्या अवशेषांच्या नियमावरून युरोपात अडकलेल्या भारतीय द्राक्षांमुळे नाशिकच्या बागायतदारांना हेच शिकावे लागले, की जकातीची भिंत पडल्यावर प्रयोगशाळेची भिंत दिसू लागते.

उद्योगांच्या क्षेत्रात मुक्त आर्थिक विभागांतून मोटारींसाठी लागणाऱ्या विजेच्या तारांच्या जुडग्यांचे कारखाने उभे राहिले. २०१८ पासून माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांना एकूण उलाढालीवर ७ टक्के असा एकच कर ठेवण्यात आला. यांपैकी पहिला व्यवसाय स्वस्त मजुरीवर उभा आहे व दुसरा कुशल तरुणांवर. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या दोहोंचाच पुरवठा आटत आहे.

४. ऊर्जा

२०२१ पर्यंत मोल्दोव्हाचा सर्व नैसर्गिक वायू रशियातून येई. डाव्या तीरास तो वस्तुतः पैसे न देता मिळत असे. त्यावर कुचुर्गानचे केंद्र वीज निर्माण करी, आणि ती स्वस्त वीज उजवा तीर विकत घेई. अशा रीतीने विभक्त प्रदेशाच्या अस्तित्वाचा खर्च अंशतः किशिनावचा ग्राहकच भागवीत होता. २०२२ मध्ये वायूचे भाव भडकले, तेव्हा महागाईचा वार्षिक दर ऑक्टोबरमध्ये ३४ टक्क्यांपलीकडे गेला.

सुटकेचे मार्ग मात्र तयार होत होते. रुमानियातील याशहून उंगेनीमार्गे येणारी वायुवाहिनी किशिनावपर्यंत वाढविण्यात आली, आणि मार्च २०२२ मध्ये युक्रेनसह मोल्दोव्हाचे वीजजाळे युरोपीय जाळ्याशी जोडले गेले. १ जानेवारी २०२५ रोजी युक्रेनमार्गे येणारा रशियन वायू थांबला, तेव्हा उजव्या तीरास महाग का होईना, वीज मिळाली. डाव्या तीरावर ऐन हिवाळ्यात घरे थंड पडली आणि कारखाने थांबले. संघाने २०२५ साठी २५ कोटी युरोंची साहाय्ययोजना जाहीर केली. हे स्वावलंबन खरे असले, तरी त्याची किंमत दरमहा घरोघरच्या बिलात दिसते, आणि डाव्या तीराचे पुनःसामीलीकरण झाल्यास तेथील वायूविना उद्योगांचा भारही याच अर्थव्यवस्थेवर पडणार आहे.

५. माणसे

आतापर्यंत वर्णिलेल्या प्रत्येक अडचणीच्या मुळाशी लोकसंख्येचा प्रश्न आहे. २०१४ च्या जनगणनेत डावा तीर वगळून सुमारे २८ लक्ष रहिवासी आढळले. २०२४ मध्ये सुमारे २४ लक्ष. दहा वर्षांत प्रत्येक सात माणसांमागे एक कमी झाला. २००६ च्या सुमारास परदेशस्थांनी घरी धाडलेला पैसा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक-तृतीयांशापर्यंत पोहोचला होता. त्या पैशावर घरे बांधली गेली आणि आयात माल विकला गेला. उत्पादक धंद्यांत त्याचा अल्प भागच गेला.

येथे भाषेचा दुसरा परिणाम दृष्टीस पडतो. जुन्या रुमानियन नागरिकांच्या वंशजांस रुमानिया आपले नागरिकत्व देते, आणि लक्षावधी मोल्दोव्हनांनी ते घेतले आहे. २००७ मध्ये रुमानिया संघात आल्यापासून त्या पारपत्रावर संघात कामाचा मार्ग मोकळा होत गेला. ज्या भाषेमुळे युरोपची संहिता मोल्दोव्हात सहज आली, तिच्याच आधारे ती संहिता राबवू शकणारी परिचारिका, अभियंता आणि तपासनीस मोल्दोव्हातून सहज गेले.

याउलट पैशाचा क्रम पाहावा. संघाचे मोठे विकासनिधी सदस्यांसाठी असतात. रुमानियातूनही प्रवेशानंतर लोक मोठ्या संख्येने गेले. तरी २००७ मध्ये संघाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी असलेले त्याचे दरडोई उत्पन्न २०२३ पर्यंत तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेले, आणि त्यात या निधींचा वाटा लक्षणीय होता. उमेदवार मोल्दोव्हास २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे १.९ अब्ज युरो मिळावयाचे आहेत, त्यांपैकी सुमारे दीड अब्ज कर्जरूपाने आणि तेही सुधारणांच्या हप्त्यांशी बांधलेले. म्हणजे जाणाऱ्यांसाठी दार आधी उघडते आणि राहणाऱ्यांसाठी निधी मागाहून येतो.

६. समारोप

एवंच, मोल्दोव्हापुढील मुख्य आव्हान नियम स्वीकारण्याचे नसून नियम चालविणारी माणसे देशात टिकवून धरण्याचे आहे. ग्राम-शासनांचे एकत्रीकरण, न्यायाधीश व शिक्षकांचे वेतन, प्रयोगशाळा आणि सिंचन यांवर मधल्या काळात होणारा खर्च हा म्हणूनच प्रवेशाच्या तयारीचा गौण भाग मानता येत नाही. तोच तिचा गाभा होय. उलटपक्षी, प्रत्येक टप्प्यावर सर्व सदस्यांची एकवाक्यता लागत असल्याने प्रतीक्षा जितकी लांबेल, तितकी ती तयारी करणारे हात कमी होत जातील, याचा विचार संघानेही केला पाहिजे.

२० ऑक्टोबर २०२४ रोजी, युरोपप्रवेशाचे ध्येय राज्यघटनेत नमूद करावे काय, यावर सार्वमत घेण्यात आले. अनुकूल मते ५०.३५ टक्के पडली. देशात राहणाऱ्यांचे बहुमत प्रतिकूल होते. परदेशांतील मतदानकेंद्रांवर मात्र चारांपैकी तिघांनी अनुकूल कौल दिला आणि त्यानेच पारडे फिरले. जे गेले त्यांनी निर्णय दिला. तो अमलात आणण्याचे काम जे राहिले त्यांच्यावर आले आहे.